वेगाचें मोल कोण देतो?

या मासिकाच्या पानांवर कादंबरी, नाटक, काव्य आणि क्वचित् एखादा चित्रपट यांचें परीक्षण वाचण्याची ज्यांस संवय आहे, त्यांना प्रस्तुत लेखाचा विषय पाहून थोडेंसें आश्चर्य वाटेल, हें मी जाणून आहें. पडद्यावर खेळावयाच्या एका जपानी शर्यतीस टीकालेखाचा मान द्यावा कीं काय, हा प्रश्न मलाही कांहीं दिवस पडला होता. वर्षभरापूर्वीं कोणी तो मला विचारला असता, तर ‘खेळ तो खेळ, त्याचें परीक्षण कसलें?’ असें म्हणून मीं तो हसण्यावारी नेला असता. आज तसें म्हणवत नाहीं. तें कां, हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच आहे.

माझें राहणें पेणला आणि धाकट्या बहिणीचें सासर रोह्याला. गेल्या दिवाळींत भाऊबीजेसाठीं सकाळच्या गाडीनें कासू, नागोठणें करीत मी रोह्यास पोंचलों. ओवाळणी झाली, फराळ झाला, आणि बहिणीनें मला स्वयंपाकघरांत बोलावून घेऊन हलक्या आवाजांत सांगितलें, “दादा, तूं तरी त्याला दोन शब्द सांग. दिवसभर त्या गाड्यांच्या शर्यती खेळत बसतो, आणि संध्याकाळ झाली कीं मोटारसायकल काढून वडखळपर्यंत जाऊन येतो. खेळांतला वेग उद्यां रस्त्यावर आणला, तर मी काय करूं?”

तिची काळजी पोकळ नव्हती. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याच्या रुंदीकरणाचें काम २०११ सालीं निघालें आणि वर्षानुवर्षें रेंगाळत राहिलें. त्या रस्त्यानें आमच्या टापूंतील किती घरांच्या उंबऱ्यावर अवेळीं माणसें गोळा केलीं, हें पेण-रोह्याकडील वाचकांस सांगावयास नको. मी म्हणालों, “त्याला सांगण्याआधीं तो खेळतो तें मला एकदां नीट पाहूं दे.” असें म्हणून मी बाहेरच्या खोलींत भाच्याशेजारीं जाऊन बसलों. बसलों तो उपदेशक म्हणून. पण दिवेलागणीच्या सुमारास उठलों, तेव्हां उपदेश मागें राहिला होता आणि डोक्यांत परीक्षणाचीं वाक्यें जुळूं लागलीं होतीं.

२

खेळाचें नांव ‘एफ-झीरो’. क्योटो येथील निन्टेन्डो कंपनीनें तो २१ नोव्हेंबर १९९० रोजीं ‘सुपर फॅमिकॉम’ या आपल्या नव्या यंत्राबरोबरच जपानांत बाजारांत आणला. निर्माता शिगेरु मियामोतो, दिग्दर्शक काझुनोबु शिमिझु. त्याच दिवशीं त्याच यंत्रासाठीं मारिओचा एक नवा खेळ निघाला. मारिओचें नांव आपल्याकडील पोराटोरांस ठाऊक आहे; ‘एफ-झीरो’चें नाहीं. याचें कारण उघड आहे. नव्वदच्या दशकांत आपल्या मध्यमवर्गीय घरांत जो ‘टी. व्ही. गेम’ शिरला, तो बहुधा आधींच्या पिढीच्या जपानी यंत्राची स्वस्त नक्कल असे. एका कॅसेटींत शेंकडों खेळ असल्याची बढाई मारणाऱ्या त्या यंत्रावर मोटारींची वरून पाहिलेली एक साधी शर्यत आणि मोटारसायकलींच्या उड्या, एवढींच वेगाचीं साधनें असत. ‘सुपर फॅमिकॉम’ची महागडी पिढी आपल्या घरांना बगल देऊन निघून गेली, आणि तिच्याबरोबर हा खेळही. माझ्या भाच्याला तो सांपडला तोही मूळच्या यंत्रावर नव्हे. निन्टेन्डोच्या अलीकडील यंत्रावर वर्गणी भरून जुने खेळ खेळतां येतात, त्यांत हा होता.

खेळाची कथा थोडक्यांत अशी. इसवी सन २५६० मध्यें मनुष्यजातीचा निरनिराळ्या ग्रहांवरील जीवांशीं व्यापार चालू आहे. त्या व्यापारांत गबर झालेल्या धनिकांना सुखाचाच कंटाळा येतो, आणि कांहीं नवा थरार हवा म्हणून ते जुन्या मोटारशर्यतींच्या धर्तीवर एक नवी शर्यत काढतात. या शर्यतींतील गाड्यांना चाकें नाहींत; त्या मार्गापासून फूटभर उंचीवर अधांतरी धांवतात. मार्गावर मुद्दाम घातक अडथळे पेरलेले असतात. लोक प्रथम या क्रूरपणावर संतापतात. परंतु हळूहळू सरावतात, आणि अखेर तेच अधिक थरार मागूं लागतात. हा मजकूर खेळासोबतच्या पुस्तिकेंत आहे. प्रत्यक्ष खेळांत त्याची आठवण कोणी काढीत नाहीं. वाचकांनीं मात्र तो लक्षांत ठेवावा. त्याकडे मला पुन्हां यावयाचें आहे.

३

या खेळाची पहिली करामत दृष्टीची आहे. ‘सुपर फॅमिकॉम’मध्यें एक संबंध सपाट चित्र गरगर फिरविण्याची, जवळ आणण्याची व दूर नेण्याची सोय होती, तिला यंत्रज्ञ ‘मोड सेव्हन’ म्हणतात. ‘एफ-झीरो’च्या कर्त्यांनीं शर्यतीचा सगळा मार्ग अशा एका सपाट चित्रांत काढला, आणि तें चित्र ओळीओळीनें कमीअधिक ताणून पडद्यावर अंथरलें. खालच्या, जवळच्या ओळी ताणून मोठ्या केलेल्या. वरच्या, दूरच्या ओळी आकसून लहान केलेल्या. एवढ्यानें डोळ्यांस क्षितिजापर्यंत पसरलेली भूमि दिसूं लागते. वास्तविक तेथें चढ नाहीं, उतार नाहीं, दरी नाहीं. आहे तें केवळ एक अंथरलेलें चित्र. त्यांतही गंमत अशी कीं, खेळणाराची गाडी पडद्याच्या मध्यभागीं जवळजवळ स्थिर असते. हालतें तें जग.

ज्यांस हें वर्णन कोरडें वाटेल, त्यांनीं दिवाळीच्या सकाळीं अंगणांतील मोठ्या रांगोळीशेजारीं जमिनीला गाल टेंकवून पाहावें. उभ्यानें पाहतांना जी नुसती ठिपक्यांची जाळी होती, तीच आतां दूरवर पसरलेलें नगर होते. नाकाजवळचा ठिपका चौकाएवढा आणि पलीकडचा मोहरीएवढा. आतां ती रांगोळीच आपल्या डोळ्यांखालून वेगानें सरकूं लागली आहे, अशी कल्पना करावी. ‘एफ-झीरो’चें दृश्य तें हेंच.

आपल्याकडे या अनुभवाचा पूर्वज मोठा थोर आहे. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पहिल्याच अंकांत, हरिणाच्या मागें रथ पिटाळणाऱ्या दुष्यंताच्या तोंडीं, वेगामुळें सृष्टि कशी वेगळी भासते याचें वर्णन कालिदासानें घातलें आहे: बारीक दिसणारी वस्तु एकाएकीं मोठी होते, आणि जवळचें कोणतें, दूरचें कोणतें, हें क्षणभरही ठरत नाहीं. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं हें नाटक मराठी रंगभूमीवर आणलें, तेव्हां प्रेक्षकांना तो रथवेग नटाच्या वाणीनें व स्वतःच्या कल्पनेनेंच अनुभवावा लागला असणार. कारण रंगभूमीवर रथ धांवत नाहीं. जपानी कारागिरांनीं शब्दांचा आधार न घेतां नेमका तोच अनुभव गणितानें उभा केला. वेग हा वस्तूंत नसून पाहणाराच्या दृष्टींत घडणाऱ्या बदलांत आहे, हें कालिदासाला कळलें होतें. आणि ‘एफ-झीरो’च्या कर्त्यांनाही तें कळलें आहे. येथें गाडी ताशीं चारशें किलोमीटरांवर गेल्याचे आंकडे दिसतात. परंतु आंकड्यांनीं कोणाचा श्वास रोखला जात नाहीं; तो रोखला जातो तो मोहरीएवढें वळण डोळ्यांसमोर अजस्र होतें त्या क्षणीं.

मीं तो खेळ हातीं घेतला, तेव्हां पहिल्याच वळणावर कठड्यास धडकलों, तेथून सुटून दुसऱ्या बाजूच्या कठड्यास धडकलों, आणि पहिली फेरी पुरी होण्याच्या आंतच शर्यतींतून बाद झालों. भाचा हंसला नाहीं, हा त्याचा विनय. त्यानें एवढेंच सांगितलें, “मामा, गाडी वळवूं नका, आधीं झुकवा.” यंत्राच्या दोन्ही खांद्यांवरील कळांनीं गाडी एका अंगास कलते आणि मग वळण घेते. हें शरीरास समजेपर्यंत बोटें दुखलीं. समजल्यावर मात्र असें वाटलें कीं, पोहतांना प्रथम पाणी धरतें तसा कांहीं आधार आपल्याला मिळाला आहे.

४

परंतु नुसता वेग म्हणजे रस नव्हे. आपल्या साहित्यशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर वेग हा उद्दीपन विभाव आहे. तो भावनेला चेतवितो, पण भावना स्वतः दुसरीकडून यावी लागते. रथाचा वेग दुष्यंताच्या उत्साहामुळें वीराचा होतो, आणि पळणाऱ्या हरिणाच्या बाजूनें पाहतां तोच भयानकाचा होतो. मग या जपानी शर्यतींतील भावना कोठून येते? माझ्या मतें ती पडद्याच्या एका कोपऱ्यांतील लहानशा पट्टींतून येते.

ही पट्टी म्हणजे गाडीचें बळ. कठड्यास लागलां, दुसऱ्या गाडीवर आदळलां, पेरलेल्या सुरुंगावरून गेलां, कीं ती आंखडते. संपली कीं गाडी फुटते. मार्गांत एके ठिकाणीं अशी जागा असते कीं, तिच्यावरून जातांना पट्टी पुन्हां भरूं लागते. पंधरा मार्ग, पांच-पांचांच्या तीन मालिका, प्रत्येक शर्यतीच्या पांच फेऱ्या. आणि प्रत्येक फेरीअखेर ठराविक क्रमांकाच्या आंत नसलां तर शर्यत तेथेंच संपते. पहिल्या फेरीला पंधरावा क्रमांकही चालतो. शेवटच्या फेरीला पहिल्या तिघांतच यावें लागतें. म्हणजे सावकाश जाऊन बळ राखावें तर क्रमांक जातो, आणि क्रमांक राखावा तर बळ जातें. एवढ्या साध्या घटनेंतून उत्साह आणि भय हे दोन भाव एकाच वेळीं, एकाच बोटाच्या टोंकावर येऊन उभे राहतात. ‘डेथ विंड’ नांवाच्या मार्गावर तर आडवा वारा गाडीला सतत एका बाजूस लोटतो. तेथें सरळ जाणें हेंच कौशल्य होऊन बसतें. यूमिको कांकी व नाओतो इशिदा यांचें संगीत या सर्वांस इतकें उत्साही साथ देतें कीं, हरल्यावरही तें कानांत राहतें.

येथपर्यंत १९९० चा खेळ. त्यांत एक उणीव आहे, आणि ती त्याच्या पुढच्या अवतारामुळेंच ध्यानांत येते. पहिल्या खेळांत प्रत्येक फेरी पुरी होतांच जादा वेगाची एक संधि बक्षीस मिळते. कळ दाबली कीं गाडी बाणासारखी सुटते. ती संधि फुकटची आहे. कष्टाचें बक्षीस म्हणा, पण तिच्यासाठीं त्या क्षणीं कांहीं गमवावें लागत नाहीं.

जुलै १९९८ मध्यें ‘निन्टेन्डो ६४’ या यंत्रासाठीं ‘एफ-झीरो एक्स’ निघाला. त्यांत हा नियम बदलला. आतां दुसऱ्या फेरीपासून जादा वेग केव्हांही घेतां येतो. मात्र तो त्या पट्टींतूनच घ्यावा लागतो. ज्या बळावर जगावयाचें, त्याच बळाच्या मोबदल्यांत वेग मिळतो. शेवटच्या फेरींत तीन गाड्या पुढें आहेत, पट्टी चतुर्थांश उरली आहे, आणि पुढें कठडा नसलेलें वळण आहे, अशा वेळीं बोट कळेवर जाऊन थबकतें. दाबलें तर कदाचित् पहिला क्रमांक. पण मग रिकाम्या पट्टीनिशीं लागलेला बारीकसा धक्काही पुरतो. न दाबलें तर सुखरूप चौथा. मला वाटतें, या एका नियमानें खेळाची पातळी बदलली. पहिल्या खेळांत वेग ही देणगी होती; दुसऱ्यांत तें कर्ज झालें, आणि तारण म्हणून स्वतःचें आयुष्य ठेवावें लागलें.

या दुसऱ्या खेळाच्या चित्रांवर त्या काळीं पुष्कळांनीं नापसंती दर्शविली, आणि ती अगदींच अन्यायाची होती असें नाहीं. मार्गाकडेची सृष्टि उजाड आहे, गाड्यांची ठेवण साधी आहे, आणि पार्श्वभूमि पाहून डोळे निवतात असें मुळींच नाहीं. परंतु तीस गाड्या एकदम धांवावयाच्या, मार्ग नळीच्या आंतून, खांबाच्या बाहेरून, उलटासुलटा जावयाचा, आणि तरीही पडद्यावर दर सेकंदास साठ चित्रें न चुकतां उमटावयाचीं, असा त्या कर्त्यांचा निर्धार होता. त्यासाठीं त्यांनीं अलंकार उतरवून ठेवले. क्षेमेंद्रानें औचित्याला काव्याचें जीवित मानलें. ज्या कलाकृतीचा प्राणच अखंड गति हा आहे, तिनें गतीसाठीं शोभेचा त्याग करणें हें दारिद्र्य नव्हे, औचित्य आहे. गळ्यांत हार आणि पायांत पैंजण घालून कोणी शर्यतीस उतरत नाहीं.

५

आतां मी पुस्तिकेंतील त्या कथेकडे वळतों. कंटाळलेल्या धनिकांनीं शर्यत काढली, लोक आधीं संतापले, मग सरावले. कर्त्यांनीं ही कथा कदाचित् केवळ सजावट म्हणून लिहिली असेल. पण तींत एक प्रश्न दडलेला आहे, आणि वेगाचें आकर्षण असलेल्या प्रत्येक समाजाला तो कधीं ना कधीं सोडवावा लागतो. वेगाचा आनंद एकाचा. पण त्याचें मोल कोण देतो?

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर हा प्रश्न जुना आहे. ओहोटीच्या वेळीं ओल्या, घट्ट वाळूवर बैलगाड्यांच्या शर्यती लागतात. लहानपणीं अलिबाग तालुक्यांतील एका किनाऱ्यावर वडिलांच्या खांद्यावर बसून मीं अशी एक शर्यत पाहिली. वाळूचे उडणारे गोळे, गाडीवानाची आरोळी, दोन्ही बाजूंस दाटलेली माणसें, आणि समुद्राच्या आवाजावर चढलेला त्यांचा आवाज, हें सर्व आजही आठवतें. तो आनंद खोटा होता असें मी कधींही म्हणणार नाहीं. गांवोगांवचे शेतकरी पोटच्या पोराप्रमाणें ज्या बैलांना सांभाळतात, त्यांच्या अभिमानाचा तो दिवस असतो. परंतु शर्यत संपल्यावर एका बैलाच्या पाठीवर मीं वळ पाहिले, तेही आठवतात. तोंडाला फेंस आलेला तो बैल पहिला आला होता, आणि त्याला तें ठाऊक नव्हतें.

पुढें हा प्रश्न न्यायालयांत गेला. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्रानें २०१७ सालीं कायद्यांत दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्यें अटींवर शर्यतींस पुन्हां परवानगी मिळाली. आणि मे २०२३ मध्यें पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. कायद्याचा निकाल लागला. रसिकाच्या मनांतील निकाल इतक्या लौकर लागत नाहीं. कारण तेथें वेगाचा आनंद घेणारा एक असतो, आणि मोल देणारा दुसराच, मुका असतो.

हाच धागा धरून शाकुंतलाकडे पाहिलें म्हणजे कालिदासानें पहिल्या अंकाची रचना किती जाणून केली आहे तें कळतें. रथवेगाचें तें रमणीय वर्णन ऐन भरांत असतांना तपस्वी मध्यें येऊन राजाला थांबवितात: हा आश्रमाचा मृग आहे, याला मारूं नये. राजा बाण उतरवितो. वेगाचा आनंद कवीनें मनसोक्त दिला, आणि त्याचें मोल ज्याच्याकडून वसूल होणार होतें त्याला ऐन वेळीं वांचविलें. कलावंताचा न्याय तो हाच.

‘एफ-झीरो एक्स’चा न्याय याहून निराळा, पण त्याच जातीचा आहे. तेथें थांबविणारा तपस्वी नाहीं. परंतु वेग हवा तर तो स्वतःच्या पट्टींतून घे, बैलाच्या पाठींतून नको, हरिणाच्या प्राणांतून नको, असें तो नियम न बोलतां सांगतो. घेणारा आणि देणारा एकच आहे, आणि देण्याचा हिशेब घेणाराच्या डोळ्यांसमोर क्षणोक्षणीं मांडलेला आहे. पडद्यावरच्या खेळांत मला इतकी नैतिक सचोटी सांपडेल असें वाटलें नव्हतें.

६

गुण सांगितले; आतां दोष. पहिला आणि मोठा दोष असा कीं, हा खेळ स्वतःच्याच तत्त्वाशीं एकनिष्ठ राहत नाहीं. ‘एक्स’मध्यें शेजारच्या गाडीला कुशीनें धडक देण्याच्या व गरगर फिरून उडविण्याच्या युक्त्या आहेत, आणि एक स्वतंत्र प्रकार तर असा आहे कीं, त्यांत उरलेल्या एकोणतीस गाड्या नष्ट करणें हाच उद्देश. ज्या कर्त्यांनीं वेगाचें मोल स्वतःवर लादलें, त्यांनींच दुसऱ्याच्या नाशाला करमणुकीचें रूप द्यावें, हें विसंगत आहे. पुस्तिकेंतील कंटाळलेले धनिक येथें खेळणाराच्याच खुर्चींत येऊन बसतात.

दुसरा दोष, या सृष्टींत माणूस नाहीं. शहरांचीं नांवें आहेत, समुद्राचीं आहेत, अग्नीच्या मैदानाचें आहे. पण कोणाचें घर नाहीं, कोणी वाट पाहणारें नाहीं. चाकच नसल्यामुळें गाडी मातीला शिवत नाहीं, आणि म्हणून धूळही उडत नाहीं. किनाऱ्यावरच्या शर्यतींत हरलेल्या गाडीवानाला घरीं जाऊन बैलांस चारा घालावा लागतो. येथें हरलेल्या गाडीची एक कळ दाबतांच नवी गाडी होते. या अधांतरीपणांत एक निर्मळ सौंदर्य आहे हें खरें, पण तें पोरकें सौंदर्य आहे.

या मालिकेचें पुढें काय झालें, तेंही थोडक्यांत सांगतों. २००० सालीं ‘एक्स’ला जोडावयाचा एक पूरक भाग निघाला, त्यांत आपल्या मनाजोगता मार्ग आंखण्याची सोय होती. परंतु ज्या जोडयंत्रावर तो चालावयाचा, तें यंत्र जपानाबाहेर विकलेंच गेलें नाहीं. २००४ सालचा ‘एफ-झीरो क्लायमॅक्स’ हाही जपानापुरताच राहिला. त्यांतही स्वतः मार्ग आंखतां येतो. त्यानंतर या मालिकेंत नवा खेळ यावयास सप्टेंबर २०२३ उजाडलें. ‘एफ-झीरो ९९’ या त्या खेळांत १९९० च्याच मार्गांवर निरनिराळ्या घरांत बसलेले नव्याण्णव खेळाडू एकदम धांवतात. त्यांतही जादा वेग बळाच्या पट्टींतूनच घ्यावा लागतो. म्हणजे जुन्या चित्राला नवा नियम लावला गेला. आणि तो नियमच या मालिकेचा खरा शोध होता, याला कर्त्यांचीच साक्ष मिळाली. ज्यांस एकच खेळ पाहावयाचा असेल, त्यांनीं १९९० चा डोळ्यांसाठीं पाहावा. ज्यांस दोन पाहतां येतील, त्यांनीं १९९८ चा मनासाठीं पाहावा.

७

संध्याकाळीं मी भाच्याला हें सर्व, थोडें कमी पाल्हाळानें, बोलून दाखविलें. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मामा, खेळांत ती पट्टी समोर दिसते. रस्त्यावर कुठें दिसते?”

मला उत्तर सुचलें नाहीं. रस्त्यावर ती पट्टी दिसत नाहीं, तिला पुन्हां भरणारी जागा नाहीं, आणि मुख्य म्हणजे ती एकट्याची नसते. तींत स्वयंपाकघरांत काळजी करीत उभ्या असलेल्या आईचाही वांटा असतो. खड्डा चुकवून रस्ता ओलांडणाऱ्या कोणा अनोळखी पादचाऱ्याचाही असतो. खेळाच्या नियमाची जी सचोटी मीं वाखाणली, ती खेळाच्या चौकटीपुरतीच खरी आहे. पण निदान तिच्यामुळें बाहेरच्या जगांत कोणती पट्टी अदृश्य आहे हें त्या मुलाच्या तोंडून निघालें. उपदेशानें तें निघालें नसतें, असें मला वाटतें. तो रस्त्यावर काय करील, हें मात्र मला सांगतां येत नाहीं.

निघतांना बहिणीनें दारांत विचारलें, “काय रे दादा, सांगितलेंस त्याला?” मीं मोठ्या उत्साहानें तिला समजावलें कीं खेळ वाईट नाहीं, उलट त्यांत विचार करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि मी त्यावर लेख लिहिणार आहें. तिनें ऐकून घेतलें, चकलीचा डबा माझ्या पिशवींत ठेवला, आणि म्हणाली, “खेळाची परीक्षा केलीस ती बरी केलीस. पण मीं तुला पोराबद्दल विचारलें होतें.”

स्टेशनापर्यंत भाचाच मला मोटारसायकलीवर सोडावयास आला. टीकालेख कोठें संपतो, हें त्या वाटेवर मला नीट समजलें.